ओळखीवर मिळणारी खोली

परभणीत नोकरीसाठी नव्याने आलेल्या तरुणाला राहायला खोली कशी मिळते, या प्रश्नाचं उत्तर पिढ्यान्‌पिढ्या एकच राहिलं आहे: ओळखीने. बँकेतला अधिकारी असो, जिल्हा परिषदेत निवड झालेली अभियंता असो की २०२३ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातला डॉक्टर असो, आधी गावातला कोणी 'आपला माणूस' शोधायचा आणि त्याच्या शब्दावर घर मिळवायचं, ही रीत ठरलेली. ती इतकी अंगवळणी पडली आहे की गावाच्या स्वभावातूनच ती आली असं आपण धरून चालतो. जिल्ह्याचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला तर मात्र दुसरंच कारण दिसतं. ज्या सरकारने आणि ज्या संस्थांनी परक्या माणसाला इथे नोकरी देऊन आणलं, त्यांनी त्याच्या निवाऱ्याचा भार बहुतेक वेळा गावातल्या खासगी घरांवर सोडला. जिथे हा भार त्यांनी स्वतः उचलला, तिथे ओळखीची गरज उरली नाही आणि ओळखीच्या आडून होणारी जातीधर्माची चौकशीही घराच्या दारातून हटली.

सुरुवात निजामाच्या राजवटीपासून करायला हवी. त्या काळातलं मराठवाड्यातलं घर म्हणजे जाड भिंतींचं, मातीच्या धाब्याचं घर, किंवा ऐपत असेल तर चौकाचा वाडा. आड एक, न्हाणी एक, दिंडीदरवाजा एक. अशा घरात भाड्याने द्यायचा वेगळा भाग मुळातच नसायचा. एखादी खोली दिली तरी राहणारा माणूस घराच्या पाण्यात आणि सोवळ्याओवळ्यात वाटेकरी व्हायचा. पेठा आणि गल्ल्याही जातीधर्माप्रमाणे वसलेल्या. वाटसरूला धर्मशाळा, सराई किंवा मुसाफिरखाना होता, पण तो मुक्कामापुरता. जिल्ह्याचा प्रमुख असलेल्या अव्वल तालुकदाराला सरकारी बंगला मिळे. हाताखालच्या कारकुनाला आपल्या माणसांचा मोहल्ला गाठावा लागे. म्हणजे तेव्हाही परका माणूस गावात येतच होता. त्याच्यासाठी घर बांधणं कोणाचं कर्तव्य मानलं गेलं नव्हतं, एवढंच.

पहिला मोठा अपवाद रेल्वेने घडवला. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा गोदावरी खोऱ्यातला मीटरगेज मार्ग झाला आणि त्यावरचं परभणी जिल्ह्यातलं पूर्णा गाव पुढे जंक्शन बनलं. हिंगोली-अकोल्याकडची गाडी इथूनच फुटू लागली. चालक, फायरमन, फिटर, गार्ड, खलाशी अशी माणसं दूरदूरून पूर्णेत आली. रात्रीबेरात्री कामावर हजर व्हावं लागणारा माणूस स्टेशनाजवळच राहायला हवा, म्हणून रेल्वेने वसाहत बांधली. क्वार्टर कोणाला मिळणार हे पगाराच्या श्रेणीवर आणि यादीतल्या क्रमावर ठरे. घरमालक नावाचा माणूसच मध्ये नसल्यामुळे आडनाव विचारून दार बंद करण्याची सोय उरली नाही. या वसाहतीतही वरचा-खालचा भेद होता हे खरं. साहेबाचा बंगला मोठा आणि खलाशाचं घर एका खोलीचं. पण श्रेणी बढतीने बदलते, जन्माची जात बदलत नाही. नोकरी आणि छप्पर दोन्ही स्वतःच्या हक्काचं असलेला दलित कामगार गावकीच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही. पूर्णा पुढे आंबेडकरी चळवळीचं आणि बौद्ध धम्माचं एक ठळक केंद्र झालं, त्यामागे या स्वावलंबनाचा वाटा आहे असं मला वाटतं.

स्वातंत्र्यानंतर परभणी शहरात परक्यांचा ओघ वाढला. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान भारतात सामील झालं, १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६०ला महाराष्ट्रात आला. बदलीचा नकाशा आता हैदराबादऐवजी मुंबईहून ठरू लागला. १९५६ला कृषी महाविद्यालय आणि १८ मे १९७२ला मराठवाडा कृषी विद्यापीठ सुरू झालं. पूर्णा नदीवर येलदरीचं धरण झालं, जायकवाडीचा डावा कालवा जिल्ह्यात पोचला. या टप्प्यावर संस्थांनी पुन्हा थोडी जबाबदारी घेतली. विद्यापीठाच्या आवारात निवासस्थानं आणि वसतिगृहं झाली, पाटबंधारे खात्याने वसाहती बांधल्या. येलदरी कॅम्प हे नाव त्या काळाची खूण म्हणून आजही टिकून आहे. पण माणसं जितकी आली तितकी घरं झाली नाहीत. उरलेल्यांसाठी वसमत रोड, जिंतूर रोड, गंगाखेड रोड या दिशांनी प्लॉट पडले आणि घरं उठली. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक, बँक कर्मचारी यांनी कर्ज काढून घर बांधलं, पुढच्या दोन खोल्या किरायाने दिल्या. आजचा परभणीचा भाड्याचा बाजार मुख्यतः या नोकरदार घरमालकांचा आहे, आणि त्यांनी खोली देताना जुन्या वाड्याचीच कसोटी लावली: गाव कोणतं, पाहुणे कोण, आडनाव काय.

यावर पहिला आक्षेप कायद्याचा येतो. घरमालक संशयी झाला तो जातीमुळे नव्हे, भाडेनियंत्रणामुळे, असं म्हटलं जातं. यात तथ्य आहे. पश्चिम महाराष्ट्रात १९४७चा मुंबई भाडे कायदा होता, मराठवाड्यात हैदराबाद राज्याचा १९५४चा कायदा. एकदा आत आलेला भाडेकरू काढणं अवघड आणि भाडं वाढवणं त्याहून अवघड, अशी स्थिती होती. १९७३ला मुंबई कायद्यात बदल झाला आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला परवान्याने (लीव्ह अँड लायसन्स) जागा ताब्यात असलेल्या अनेकांना भाडेकरूचा दर्जा मिळाला; त्याची धास्ती राज्यभरच्या मालकांनी घेतली. अशा वेळी ओळखीचा माणूस घेणं हा मालकाचा विमाच होता. पण ३१ मार्च २०००पासून राज्यभर एकच महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. परवान्याने दिलेली जागा मुदत संपल्यावर परत मिळण्याची स्वतंत्र वाट त्यात आहे, करार लेखी आणि नोंदणीकृत असावा अशी सक्ती आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. भीतीचं कायदेशीर कारण गेलं, तरी चौकशी राहिली. म्हणून चौकशीचं सगळं मूळ कायद्यात नव्हतं, असंच मानावं लागतं.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. मालकाचं कुटुंब त्याच घरात राहतं, लेकीबाळी असतात, मग कोण येतंय हे त्याने पाहू नये का? जरूर पाहावं. नोकरीचं पत्र पाहावं, पोलिसांकडे माहिती द्यावी, आधीच्या घरमालकाला विचारावं. यातल्या कशालाही जात लागत नाही. जात विचारली की चौकशीचा हेतू बदलतो, आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागते हे सांगणारा सर्वांत मोठा दाखला १९१७चा आहे. परदेशात शिकून आलेले डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले आणि त्यांना त्या शहरात घर मिळालं नाही. नाव लपवून ते पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. ओळखीच्या हिंदू आणि ख्रिस्ती स्नेह्यांनीही सबबी सांगितल्या. या घटनेत एक तपशील माझ्या मुद्द्यासाठी फार महत्त्वाचा आहे: त्यांनी सरकारी बंगल्यासाठी अर्ज केला होता आणि तो एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. संस्थानाने नोकरी दिली, घर दिलं नाही, आणि ती पोकळी गावाच्या पूर्वग्रहाने भरून काढली. हे जुनं झालं म्हणावं, तर सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांचा २०१५ला प्रसिद्ध झालेला दिल्ली परिसरातला अभ्यास समोर येतो. तिथे दलित आणि मुस्लिम घरशोधकांना नकार आणि जाचक अटी भोगाव्या लागल्याचं दिसलं. मराठवाड्याने तर १९७८ला, मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचं नाव देण्याच्या ठरावानंतर, दलितांची घरं जळताना पाहिली आहेत. परभणी जिल्हाही त्या होरपळीतून सुटला नव्हता. ज्या प्रदेशाची स्मृती अशी आहे, तिथे घरभाड्यातली जात ही खासगी आवडनिवड म्हणून सोडून देता येत नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: क्वार्टर बांधणं आता परवडत नाही, म्हणून सरकार घरभाडे भत्ता देतं, तो घेऊन ज्याने त्याने सोय पाहावी. पण भत्ता भाडं भरतो, दार उघडत नाही. शिवाय हा भत्ता शहराच्या वर्गावर ठरतो आणि परभणी सर्वांत खालच्या वर्गात आहे. शेजारचं नांदेड तिच्या वर आहे. एकीकडे मुख्यालयी राहण्याची अट आणि दुसरीकडे मुख्यालयात धड घर नाही, यातून 'अप-डाऊन' ही मराठवाड्याची ओळखीची रीत जन्मली. शाळा आणि दवाखाने गाडीच्या वेळापत्रकावर चालू लागले. दोष कर्मचाऱ्याला दिला जातो, पण घराचा प्रश्न कोणी सोडवला नव्हता. पूर्णेचंच पाहा: मीटरगेज गेलं, रेल्वेचं काम आटलं, आणि जिल्ह्यातला निवाऱ्याचा सर्वांत चांगला नमुना विस्मरणात गेला.

म्हणून उपायही याच इतिहासात शोधायला हवा. घरमालकांना उपदेश करून पिढ्यांची सवय मोडणार नाही. नवख्याला त्यांच्या मर्जीबाहेरचा पर्याय दिला तरच मोडेल. महानगरपालिका, कृषी विद्यापीठ, वैद्यकीय महाविद्यालय आणि जिल्हा परिषद यांनी मिळून भाड्याची निवासस्थानं उभारावीत, पहिल्या एक-दोन वर्षांसाठी, यादीच्या क्रमाने आणि नियमित भाडं घेऊन. नोकरदार महिलांच्या वसतिगृहांची केंद्राची योजना १९७२-७३पासून आहे; एकट्या मुलीला खोली नाकारणाऱ्या शहराला या योजनेची गरज सर्वांत जास्त आहे. जो तरुण परभणीत आपल्या उमेदीची वर्षं घालवायला येतो, त्याला इथे राहण्याचा हक्क नेमणुकीच्या पत्रानेच मिळायला हवा. त्यासाठी कोणाच्या शिफारशीची गरज पडू नये, ही जबाबदारी ते पत्र देणाऱ्याची आहे.