अभ्यासक्रम कोण ठरवतं?

मिरजोळे एमआयडीसीत मुंबई विद्यापीठाचं रत्नागिरी उपकेंद्र आहे. तिथला अभ्यासक्रम मात्र मुंबईत ठरतो. याचं मूळ १८५७ मध्ये आहे. लंडनच्या धर्तीवर उभं राहिलेलं हे विद्यापीठ सुरुवातीला शिकवत नव्हतं. अभ्यासक्रम आखून परीक्षा घेत होतं.

जुन्या इस्लामी परंपरेत तालिब-ए-इल्म उस्ताद आणि किताब शोधत गावोगाव फिरे. इजाजा मिळे तो उस्तादाकडून, संस्थेकडून नव्हे. मध्ययुगीन बोलोन्यात तर विद्यार्थीच शिक्षक नेमत, उशीर झाला तर त्यांना दंड करत.

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने विषय निवडायची मुभा दिली. पण वाढलेल्या ताटातलं निवडणं वेगळं, काय शिजवायचं हे सांगणं वेगळं. माझं म्हणणं एवढंच, की अभ्यासक्रम आखताना आमच्या मच्छीमार, बागायतदार घरांतल्या मुलामुलींनाही बोलू द्यावं.