गाऱ्हाणे आणि निरोप : फिलिपिनी देशभक्तिकाव्याची वाटचाल

तागालोग भाषेत ‘हिबिक’ असा एक शब्द आहे. हिबिक म्हणजे गाऱ्हाणे. तेही साधे नव्हे, तर विलापाच्या आणि विनवणीच्या सुरात घातलेले. गाऱ्हाणे घालायचे तर ते ऐकणारे कोणी असावे लागते आणि त्याच्या न्यायबुद्धीवर विश्वासही असावा लागतो. स्पेनच्या तीनशेहून अधिक वर्षांच्या सत्तेखाली राहिलेल्या फिलिपिनी समाजाचा हा विश्वास कसा सरत गेला, याची साक्ष अवघ्या काही वर्षांच्या अंतराने, तीन कवींनी लिहिलेल्या तीन कविता देतात.

या कवितांना श्रोतृवर्ग आयता मिळाला होता, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. ख्रिस्ताच्या यातनांची कथा सांगणारे ‘पास्योन’ हे पद्य पवित्र सप्ताहात गावोगावी सामूहिकपणे गायिले जाई. गास्पार आकिनो दे बेलेन यांनी 1704 साली रचलेले तागालोग पास्योन मनिलातील जेझुइटांच्या मुद्रणालयाशी निगडित होते. त्याच संघाच्या फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यात छापले गेले होते, हे मराठी वाचकाला येथे सहज आठवेल. धर्मप्रसारासाठी आलेल्या या काव्यातून जनसामान्यांना अन्याय, बलिदान आणि मुक्ती यांची परिभाषा लाभली, असा सिद्धान्त इतिहासकार रेनाल्दो इलेतो यांनी 1979 मध्ये मांडला, आणि तो बव्हंशी पटणारा आहे. दुसरा वारसा फ्रान्सिस्को बालाग्तास यांचा. त्यांच्या ‘फ्लोरान्ते आत लाउरा’ या 1838 च्या दीर्घकाव्याची कथा दूरच्या अल्बानियात घडते. त्यामुळे ते परीक्षकांच्या नजरेतून सुटले. वाचकांना मात्र त्या जुलमी दरबारात आपलाच देश दिसला. बारा अक्षरावयवांची ओळ, चार ओळींचे कडवे आणि चारही ओळींना एकच यमक असलेली ही रचना लोकांच्या जिभेवर रुळली होती.

हर्मेनेहिल्दो फ्लोरेस यांनी 1888 मध्ये आपल्या ‘हिबिक’साठी हाच साचा वापरला. त्यांच्या कवितेत फिलिपिन्स ही कन्या स्पेन या मातेकडे धर्मगुरूंच्या लोभाची आणि छळाची तक्रार करते. राजसत्तेवर तिचा रोष नाही; आईला ठाऊक नाही म्हणूनच हे घडते आहे, अशी तिची समजूत आहे. पुढच्याच वर्षी मार्सेलो देल पिलार यांनी आईचे उत्तर लिहिले. आई कळवळते, पण आपण स्वतःच वृद्ध आणि निर्धन झालो आहोत, त्याच धर्मगुरूंनी आपल्यालाही नागवले आहे, असे सांगून हात टेकते. देल पिलार हे सुधारणावादी होते; स्पेनच्या संसदेत फिलिपिन्सला प्रतिनिधित्व मिळावे यासाठी ते झगडत होते. तरीही त्यांच्या कवितेचा रोख त्यांच्या राजकारणाच्या पुढे गेलेला दिसतो. जी आई मदत करू शकत नाही, तिच्याकडे पुन्हा का जावे, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. तो वाचकाच्या मनात आपसूक उभा राहिला. जुलै 1896 मध्ये बार्सेलोना येथे विपन्नावस्थेत त्यांचे निधन झाले. पुढच्याच महिन्यात मायदेशी उठाव झाला.

त्या उठावाचे नेते आंद्रेस बोनिफासिओ यांनी तिसरे, ‘अखेरचे गाऱ्हाणे’ लिहिले. मनिलाच्या तोंदो वस्तीत जन्मलेला, कोवळ्या वयात पोरका झालेला, हातकाठ्या आणि कागदी पंखे विकून भावंडांना वाढवणारा हा माणूस. पूर्वसुरींचे छंद आणि रूपक त्यांनी तसेच ठेवले; नाते मात्र तोडले. यातनांची यादी संपते तेव्हा कन्या काही मागत नाही. तू आमची आई नव्हेस, असे बजावते. 1892 मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या ‘कातिपुनान’ या गुप्त संघटनेचे ‘कालायाआन’ हे पत्र 1896 मध्ये निघाले. पोलिसांची दिशाभूल व्हावी म्हणून त्यावर योकोहामाचा पत्ता छापला होता. त्यातील मातृभूमीच्या प्रेमावरची कविता बोनिफासिओंचीच मानली जाते, आणि ती स्पेनला नव्हे, देशबांधवांना उद्देशून आहे. शतकाच्या त्या शेवटच्या दशकातले सर्वांत मोठे स्थित्यंतर माझ्या मते हेच होय.

होसे रिझाल यांची वाट निराळी. त्यांनी सशस्त्र उठावाला संमती दिली नव्हती. तरी 30 डिसेंबर 1896 रोजी बागुम्बायानच्या मैदानावर त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. आदल्या दिवशी भेटीस आलेल्या बहिणीच्या हाती त्यांची स्पिरिटची छोटी शेगडी देण्यात आली. आत काही आहे, हे त्यांनी तिला इंग्रजीत सांगितले. पहारेकऱ्यांना ती भाषा येत नव्हती. आत होती चौदा कडव्यांची, शीर्षक नसलेली स्पॅनिश कविता. मारियानो पोन्से यांनी ती 1897 च्या आरंभी हाँगकाँगमध्ये छापली. तिचा पहिला तागालोग अनुवाद बोनिफासिओंच्या नावावर आहे. स्पॅनिशमधील पाच ओळींची कडवी त्यात चार ओळींची झाली. म्हणजे सुशिक्षितांच्या भाषेतला निरोप पुन्हा गाऱ्हाण्याच्याच छंदात उतरला. मे 1897 मध्ये क्रांतिकारकांच्या अंतर्गत कलहात बोनिफासिओंना स्वकीयांनीच देहान्त शासन केले.

सत्ता बदलली, स्पेन जाऊन अमेरिका आली. जून 1902 मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहात हेन्री कूपर यांनी फिलिपिनींना रानटी ठरवणाऱ्या सभासदांना उत्तर म्हणून रिझाल यांची कविता इंग्रजीत वाचून दाखवली. 1 जुलैला त्यांचे विधेयक कायदा झाले आणि निर्वाचित सभागृहाची तरतूद मिळाली. स्वातंत्र्य मात्र मिळाले 1946 मध्ये. मातृभूमीला दिलेला निरोप अशा रीतीने परक्या संसदेत अर्ज म्हणून वाचला गेला, हा विचित्र योग म्हणावा लागेल. त्याच अमेरिकी राजवटीने 1907 पासून 1919 पर्यंत फिलिपिनी ध्वज फडकवण्यास बंदी घातली होती.

होसे कोराझोन दे हेसुस यांचे, पिंजऱ्यातल्या पक्ष्याची प्रतिमा योजणारे ‘बायान को’ हे तागालोग गीत अमेरिकी अमलातलेच. बेनिग्नो आकिनो यांच्या हत्येनंतर, 1983 मध्ये, मनिलाच्या रस्त्यांवर ते पुन्हा गायिले गेले. त्या वेळी समोर परकी सत्ता नव्हती. मार्कोस यांची राजवट होती.