गॅलरीपासून जिन्यापर्यंत : दिव्यातला शेजार

चाळीतल्या शेजाराबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले गेले. मात्र तो शेजार इमारतीच्या बांधणीतून कसा घडला आणि बांधणी बदलल्यावर त्याचे काय झाले, हे पाहायचे तर गिरगाव-परळातून निघून मध्य रेल्वेने दिव्यापर्यंत यावे लागते.

चाळी बांधणाऱ्यांच्या मनात शेजार नव्हता. खासगी मालकाला थोड्या जागेत जास्त भाडेकरू हवे होते. म्हणून ओळीने खोल्या, पुढे सामाईक गॅलरी, टोकाला नळ आणि संडास. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, तो हवा-उजेडाच्या काळजीने. १९२० मध्ये सरकारने विकास खाते काढले आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे मिळून २०७ बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. मधला बोळ, मजल्यावर २० खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची. एवढ्या जागेत संसार मावेना, म्हणून तो दाराबाहेर आला. दार उघडे राहिले, कारण ते लावले तर वारा येत नसे. गिरगावात केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, त्यालाही चाळींमधल्या सामाईक जागेचाच आधार होता.

पण बांधणी सर्व काही करत नाही. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या याच बीडीडी चाळींत दलित आणि सवर्ण वस्तीत दंगल पेटली. बोळ एकाच मापाचे होते. इमारती मात्र जातवार वाटल्या गेल्या होत्या. एका मजल्यावर जिव्हाळा आणि समोरच्या इमारतीशी वैर, हे दोन्ही शक्य असते.

फ्लॅट आला तसा नळ आणि संडास घरात गेला, दार बंद झाले. गॅलरीची जागा कायद्याने घेतली. १९६० चा सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा यांनी रहिवाशांना 'सोसायटी' दिली. बिल्डरने सोसायटी स्थापन करून द्यावी आणि जमिनीचा हक्क तिच्या नावे करावा, असे बंधन आले. डोंबिवलीच्या मध्यमवर्गाचा शेजार या चौकटीत रुजला. वार्षिक सभेत भांडण झाले, तरी भांडायला सभा होती.

दिव्यात हा दुवा तुटतो. कल्याणपर्यंतचा लोहमार्ग १८५४ पासून या गावावरून जातो. पण मुंबईत घर न परवडणारी कुटुंबे मोठ्या संख्येने इथे आली ती गेल्या काही दशकांत. साबे, दातिवली, आगासन या आगरी-कोळी गावांच्या शेतांत आणि खाडीकाठी आधी बैठ्या चाळी, मग चार-सात मजली इमारती उठल्या. त्यांतल्या कितीतरी अनधिकृत आहेत. जिना अरुंद, दारे समोरासमोर पण बंद, अंगण नाही. परवानगीच नसेल तर सोसायटीची नोंदणी आणि जमिनीचा हक्कही अडतो. म्हणजे गॅलरीही नाही आणि सभाही नाही.

तरी शेजार आहे. टँकर आला की जिन्यात हंडे-कळश्यांची रांग लागते, गच्चीवर वर्गणीचा गणपती बसतो, सकाळच्या लोकलमध्ये ठरलेल्या डब्यात ठरलेली माणसे भेटतात. जानेवारी २०१५ मध्ये गाड्या रखडल्या तेव्हा दिवेकर रुळांवर उतरले आणि आंदोलनाला हिंसक वळण लागले. डिसेंबर २०१६ पासून जलद लोकल दिव्यात थांबू लागल्या. हा शेजार टंचाईवर जगतो. संकटात तो जागा होतो, पण इमारतीला तडा गेला तर अभियंता कोणी बोलवायचा, पैसे कोणाच्या नावे जमवायचे, याची व्यवस्था त्याच्याकडे नसते. ४ एप्रिल २०१३ रोजी जवळच्याच शीळ येथे बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळली. ७४ माणसे गेली. काही कुटुंबे तिथे आधीच राहायला आली होती.

आता बीडीडी चाळींच्या जागी मनोरे उभे राहात आहेत आणि ठाण्यात क्लस्टर योजनेची कामे सुरू झाली आहेत. बीडीडीत घर ५०० चौरस फुटांचे मिळेल, संडास आत असेल; चाळीत राहिलेल्या कोणत्याही बाईला विचारा, हे सुख थोडे नाही. पण नकाशा पाहताना आणखी दोन गोष्टी पाहायला हव्यात : दाराबाहेर उभे राहून बोलण्यापुरती जागा कुठे आहे, आणि इमारतीच्या कागदावर रहिवाशांचे नाव कधी लागणार आहे. पहिली गोष्ट चाळीने नकळत दिली, दुसरी कायद्याने. दिव्याला दोन्ही मिळायच्या आहेत.