तळटीप : स्टँडबायवरून आवृत्तीबदल
१२. लेखकाचे ‘सेवा न थांबवता’ हे शब्द जरा सैल अर्थाने घ्यावेत. मूळ डेटाबेस चालू असतानाच स्टँडबाय नव्या आवृत्तीवर नेतात, दरम्यान साचलेले बदल तिच्यावर चढवतात आणि मग दोघांच्या भूमिका बदलतात. सेवा खंडित होते ती या अदलाबदलीपुरती. ओरॅकलमध्ये याला लॉजिकल स्टँडबाय लागते. फिजिकल स्टँडबाय रीडू नोंदी ब्लॉकवार उतरवते. लॉजिकल मात्र त्यांतून पुन्हा एसक्यूएल विधाने घडवते, म्हणून आवृत्त्या वेगळ्या असल्या तरी तिचे अडत नाही. (११जीपासून फिजिकलला तात्पुरते लॉजिकल करता येते, सोय मोठीच.) खरी मेख डेटा-प्रकारांत आहे. काही प्रकार लॉजिकल स्टँडबायला पेलत नाहीत. असे प्रकार असलेले तक्ते वाचकाने आवृत्तीबदलाला हात घालण्यापूर्वीच शोधून ठेवावेत. — संपा.