हट्टी पेचांची पूर्वपीठिका

जुन्या विलायती घाटाच्या मोटारसायकलीचा कार्ब्युरेटर सोडवून, पेट्रोलात धुऊन, पुन्हा जोडावयास बसलेल्या माणसाला जो छळ सोसावा लागतो तो इंजिनाच्या अवजड भागांकडून क्वचितच होतो. बोटाच्या पेराहून आखूड असा पितळी जेट, नखाएवढी सुईची क्लिप आणि दोन आटे सुखाने जाऊन तिसऱ्यावर अडून बसणारा पेच, हीच मंडळी त्याचा अंत पाहतात. हा अडेलपणा मिस्त्रीच्या हाताचा दोष समजण्याचा शिरस्ता आहे. माझ्या मते तो बहुतांशी इतिहासाचा दोष असून त्या इतिहासाचे दप्तर एकवार उघडून पाहण्याजोगे आहे.

पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिच्यात वाफ मिसळावयाची, ही आरंभीची रीत ओबडधोबडच होती. 1885 साली डाइम्लर आणि मायबाख यांनी जी लाकडी सांगाड्याची दुचाकी चालविली, तिचे पोषण याच रीतीने होत असे. पुढे 1893 च्या सुमारास इकडे मायबाखने व तिकडे बुडापेस्टच्या बांकी आणि चोंका या जोडीने बारीक नळीतून पेट्रोलचा फवारा उडविण्याची युक्ती सिद्ध केली, आणि मग पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोट, त्याची सुई व मोजून भोक पाडलेला जेट यांच्या हाती इंजिनाचा सर्व कारभार गेला.

मोटारसायकलींच्या बाबतीत हा कारभार इंग्लंडात बर्मिंगहॅमकडे एकवटला. अमॅक, ब्राउन अँड बार्लो आणि बिंक्स या प्रतिस्पर्धी पेढ्या 1927 साली एकत्र होऊन अमॅल हा कारखाना उभा राहिला, आणि ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टन, रॉयल एनफील्ड अशी सारी नामांकित घराणी त्याचे गिऱ्हाईक बनली. अमॅलच्या जेटवरील आकडा भोकाचा व्यास नव्हे, तर मिनिटाला किती घन सेंटिमीटर पेट्रोल त्यातून वाहते ते सांगतो. त्यामुळे चोंदलेल्या जेटमध्ये पोलादी तार खुपसणारा मनुष्य तो आकडाच खोटा पाडतो.

आता पेचांविषयी. व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकाराने 1841 साली 55 अंशांच्या आट्यांचे माप घालून दिले ते यंत्रांच्या जाड बोल्टांसाठी. नाजूक उपकरणांच्या बारीक पेचांसाठी ब्रिटिश असोसिएशन या विद्वत्सभेने 1884 साली जिनिव्हाच्या थुरी याच्या पद्धतीवरून निराळे माप स्वीकारले, आणि त्यालाच कारागीर ‘बीए’ म्हणतात. गंमत अशी, की इंच-फुटांच्या अभिमानी देशाने स्वीकारलेले हे माप मुळात मिलिमीटरचे! शून्य क्रमांकाच्या पेचाचा व्यास 6 मिलिमीटर व आट्यांमधील अंतर 1 मिलिमीटर, म्हणजे आजच्या 6 मिलिमीटरच्या पेचासारखेच. परंतु बीएच्या आट्याचा कोन साडेसत्तेचाळीस अंशांचा व मेट्रिकचा 60 अंशांचा. दोन क्रमांकाचा बीए तर याहून फसवा, कारण व्यास 4.7 व अंतर 0.81 असल्यामुळे 5 मिलिमीटरचा पेच (ज्याचे अंतर 0.8) त्याच्या भोकात तोंड घालतो आणि तेथेच अडकतो. अमॅलचे अनेक बारीक पेच याच बीए कुळातले.

हिंदुस्थानात हा गुंता अधिकच वाढला. 1955 साली मद्रासला रॉयल एनफील्डच्या बुलेट गाडीच्या जोडणीची व्यवस्था झाली, आणि पुढच्याच वर्षी मेट्रिक मापांचा कायदा संमत होऊन 1958 पासून त्याचा अंमल टप्प्याटप्प्याने सुरू झाला. गाडीचे पुष्कळ आटे विलायती राहिले आणि बाजारातले पेच मेट्रिक होत गेले. पुण्याच्या नाना पेठेतून मूठभर सुटे पेच आणावेत तर डोळ्यांना त्यांतला भेद दिसत नाही. तो कळतो आटे पाडलेल्या भोकात, आणि तोही उशिरा.

कार्ब्युरेटरचा देह जस्ताच्या मिश्रधातूचा, म्हणून मऊ. अनुभवी फिटर पेच लावताना आधी तो उलटा फिरवितो, आटा आपल्या खाचेत उतरल्याचा सूक्ष्म धक्का बोटांना जाणवला की मगच सुलटा घेतो. हीच सावधगिरी कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणाऱ्या फ्लँजच्या नटांनाही हवी. अमॅलने 1967 साली ‘कॉन्सेंट्रिक’ हा प्रकार आणला, त्याचा फ्लँज, नट बेताबाहेर आवळल्यामुळे, वाकतो आणि हवा शिरू लागते. मिस्त्री मग तासन्तास जेट बदलीत बसतात. त्याच प्रकारात पायलट जेट बहुधा आतच ठोकून बसविलेला असतो, आणि सुमारे 0.016 इंचाच्या त्या छिद्रापर्यंत हात पोहोचणे कठीण.

ज्यांना इतका धीर नसतो ते बीएच्या भोकात 5 मिलिमीटरचा टॅप फिरवून मोकळे होतात. अंतर जवळजवळ तेच असल्याने काम चटकन होते. मात्र त्यानंतर बर्मिंगहॅमचा अस्सल पेच आणला तरी तो त्या भोकात सैल लोंबतो, आणि पुढच्या मिस्त्रीला आपल्या हाती कोणत्या मापाचा कार्ब्युरेटर आला आहे हे प्रत्येक भोकागणिक नव्याने तपासावे लागते.