बर्फगाडीच्या मुठीतली ऊब

१/ निफाडचा पारा उतरला की द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात. पण धावत्या गाडीवर शेकोटी कुठे पेटवायची? त्या गाडीची कथा एका पित्याच्या शोकातून जाते.

२/ जानेवारी १९३४. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातले रस्ते बर्फाखाली गाडले गेले होते. व्हाल्कूर गावचे २६ वर्षांचे यंत्रकार जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए यांचा २ वर्षांचा मुलगा अपेंडिक्सच्या आजाराने दगावला. रुग्णालयापर्यंत वाटच नव्हती.

३/ बर्फावर चालणाऱ्या वाहनाचे त्यांचे प्रयोग कोवळ्या वयापासून सुरू होते; आता त्यांना ध्येय लाभले. १९३७ मध्ये त्यांनी दातेरी चाक व पट्ट्याच्या रचनेचे पेटंट मिळवले. १९५९ मध्ये हलकी ‘स्की-डू’ बाजारात आली.

४/ अशा गाडीचा वेग उजव्या अंगठ्याने दाबायच्या तरफेवर ठरतो. चार बोटे मूठ धरून असतात. अंगठा वाऱ्यात एकाच जागी अडकतो. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, अंगठा बधिर होतो, वेगावरचा ताबा सुटतो. हिमदंश झाला तर बोटही गमवावे लागते.

५/ उपायाचे मूळ जेम्स जूल यांच्या १८४१ च्या सिद्धांतात आहे : विरोध करणाऱ्या तारेतून वीज वाहिली की उष्णता निर्माण होते. म्हणून तरफेवर तापणारी पातळ पट्टी बसवतात. हँडल वळताना ताण येऊ नये म्हणून तारा किंचित सैल ठेवून बटणापर्यंत नेतात. वीज देते इंजिनावर फिरणारे जनित्र.

६/ इंजिन थांबले की ही शेकोटीही विझते. म्हणून जाड हातमोजे आजही सुटलेले नाहीत.