नर्रईची रात्र आणि धनुषचं वर्ष

जबलपूर म्हणजे तोफांचं शहर. इथं बदलीवर येणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांना मी दोन प्रसंग आवर्जून सांगतो. एक १५६४ सालचा, दुसरा २०१७ सालचा. दोन्ही प्रसंगांत प्रश्न एकच होता: हातातलं काम थांबवून झालेल्या कामाकडे नीट पाहायचं की नाही?

पहिला प्रसंग राणी दुर्गावतीचा. अकबराचा सरदार आसफ खान गोंडवनावर चालून आला, तेव्हा राणीने नर्रईची जागा निवडली. एकीकडे डोंगर, दुसरीकडे गौर आणि नर्मदा. अशा अडचणीच्या जागी मोठ्या फौजेला आपलं संख्याबळ वापरता येत नाही. पहिल्या दिवशी राणीच्या सैन्याने मोगलांना मागे रेटलं. संध्याकाळी तिने सरदारांना मसलतीला बोलावलं. तिचं मत स्पष्ट होतं: रात्रीच छापा घालावा, नाहीतर सकाळी आसफ खान तोफा घेऊन खिंडीत येईल. सरदारांनी मानलं नाही. अबुल फजलने ‘अकबरनाम्या’त ही मसलत नोंदवली आहे. सकाळी तसंच झालं. राजपुत्र वीर नारायण जखमी झाला, राणीला बाण लागले आणि शत्रूच्या हाती पडण्याऐवजी तिने स्वतःच प्राण दिले.

हरल्यावर चौकशी सगळेच करतात. जिंकलेल्या दिवशी संध्याकाळी ‘आज काय झालं, उद्या काय होईल’ असं विचारणारा सेनापती विरळा. राणीने ते विचारलं. तिच्या सरदारांनी मात्र त्या रात्रीकडे फक्त विसावा म्हणून पाहिलं.

दुसरा प्रसंग इथल्याच गन कॅरेज फॅक्टरीचा. १९०४ साली सुरू झालेल्या या कारखान्याने ‘धनुष’ तोफ घडवली. १९८६ च्या करारात आपण ४१० बोफोर्स तोफा घेतल्या. त्यांच्यासोबत आलेल्या तंत्रज्ञानाच्या कागदपत्रांवर धनुष उभी राहिली. तोंडाचा व्यास तोच, १५५ मिलिमीटर. पण बोफोर्सची नळी ३९ कॅलिबरची, धनुषची ४५ कॅलिबरची, म्हणजे जवळजवळ एक मीटर जास्त लांब. पल्ला वाढला, तसे प्रश्नही वाढले. २०१३ मध्ये चाचणीत एक नळी फुटली. २०१७ मध्ये गोळा बाहेर पडताना मझल ब्रेकला लागल्याच्या घटना घडल्या. मझल ब्रेक म्हणजे नळीच्या टोकाचा तो भाग, जो वायू बाजूला वळवून तोफेचा धक्का कमी करतो.

तोवर सियाचीनची थंडी आणि पोखरणचं वाळवंट दोन्ही पाहून झालं होतं. सैन्य वर्षानुवर्षं नव्या तोफेची वाट पाहत होतं. अशा वेळी ‘चालवून घेऊ’ म्हणणं सोपं असतं. चाचण्या थांबवल्या गेल्या, तपासणी झाली. जून २०१८ मध्ये पोखरणला सहा तोफांनी मिळून ३०१ गोळे डागले. ८ एप्रिल २०१९ रोजी पहिल्या सहा तोफा सैन्याच्या ताब्यात आल्या. उशीर झाला, हे खरं. पण तोफेमागे उभ्या राहणाऱ्या जवानाला तारखेपेक्षा नळीची खात्री मोलाची असते.

खरं तर तोफखान्याला ही शिस्त नवी नाही. देवळालीला शिकलेला कोणताही गनर सांगेल: आधी एक गोळा, मग निरीक्षकाची दुरुस्ती, मग पुन्हा गोळा. निशाणा जमल्याशिवाय पूर्ण बॅटरीचा मारा सुरू होत नाही.

हे कार्यालयात, शेतात, दुकानातही करता येतं. काम संपल्यावर, घाम वाळायच्या आत अर्धा तास बसा. काय ठरलं होतं, काय झालं, उद्या काय बदलायचं, एवढंच विचारा. आणि एक करा: सर्वांत कनिष्ठ माणसाला आधी बोलू द्या. साहेब आधी बोलले की बाकीचे फक्त मान डोलावतात, हे आमच्या निवृत्त वाचकांना मी काय सांगावं!